वरच्या बाथरूमची अर्धी नळी

काका, तो ॲडॅप्टर तिथे कशाला बसवलात? एवढं एकच सांगा, बाकीचं माझं मी बघून घेते.

गेल्या आठवड्यात तुमचं तेरावं झालं. गुरुजी पुण्याहून लॅपटॉपच्या स्क्रीनवर आले होते आणि त्यांचा आवाज सारखा जात होता. निशा जर्सी सिटीहून आलेली, ती दर थोड्या वेळाने म्हणत होती, "गुरुजी, यू आर ऑन म्यूट." बापाच्या तेराव्याला लेकीवर ही वेळ यावी. तुम्ही असतात तर हसू दाबत सगळ्यांच्या आधी बेसमेंटमध्ये पळाला असतात, असं मनात आलं आणि मीच पळाले. शिवाय वर लोक तुमच्याबद्दल जे बोलत होते त्यातलं एक वाक्य मला ओळखीचं वाटेना. कोणी म्हणे शांत स्वभाव, कोणी म्हणे कधी कुणाला शब्दाने दुखावलं नाही. या वैशालीला तुम्ही कामाच्या पहिल्याच आठवड्यात विचारलं होतंत, "हे तुझे हात आहेत की उलथणी?" मग वर बसलेल्या त्या माणसांना भेटलेले काका कोण होते, मला कळेना.

खाली आले तर ते अर्धवट काम डोक्यावर लटकत होतं. गरम पाण्याची टाकी जिथे आहे तिथून छताखालून सरळ रेषेत आलेली तांब्याची नवी नळी. तुमची जुनी नळी टाचणीएवढं भोक पडून गळायला लागली, म्हणून तुम्ही ती वरच्या बाथरूमपर्यंत सगळीच काढलीत, नवी टाकायला घेतलीत, आणि दुपारी "जरा पडतो" म्हणून सोफ्यावर गेलात ते गेलातच. तुकडे मापाने कापलेले, टोकं घासून चकचकीत केलेली, सांध्यांना डाख धरावा म्हणून लावतात ते मेण, म्हणजे फ्लक्स, लावून एकात एक बसवलेले. फक्त डाख द्यायचा राहिला होता. ही रेष मी झोपेतसुद्धा ओळखेन. इतकी सरळ नळी आपल्या या ॲन आर्बर गावात दुसरं कोणी टाकत नाही.

आणि ही सरळ रेष जिथे स्वयंपाकघराच्या भिंतीत शिरून वर जायला वळते, तिथे तो ॲडॅप्टर. एका बाजूला तांब्याची नळी बसेल असा, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकची. त्याच्या खाली जमिनीवर लाल पेक्सचं भेंडोळं. म्हणजे प्लास्टिकची नळी. तुमच्या घरात.

मी आधी म्हटलं, असेल कुणाचं तरी, ठेवायला दिलं असेल. मग भिंतीशी बघितलं तर तिथे तांब्याचे लांब तुकडेही कापून उभे केलेले. मोजून पाहिले. पार वरच्या शॉवरपर्यंत पुरतील इतके. पेक्सचं भेंडोळंही तितकंच पुरणारं. तांबंही पूर्ण, प्लास्टिकही पूर्ण. आता यातून माणसाने काय समजायचं?

आपलं भांडण तुम्ही विसरला नसाल. मी तर त्या भांडणातच काम शिकले. माझ्या हाती काम आलं तेही एका तुंबलेल्या सिंकमुळे. मंडळाच्या गणपतीला महाप्रसादाच्या वेळी कोणीतरी नारळाच्या शेंड्या सिंकमधल्या ग्राइंडरमध्ये घातल्या, बटण दाबलं, आणि हॉलच्या किचनमध्ये आमटीसकट सगळं वर आलं. तुम्ही झब्ब्याच्या बाह्या सरसावून सिंकखाली आडवे झाला होतात आणि ओरडत होतात की कुणीतरी बादली धरा. बाकीचे फोटो काढत होते. मी बादली धरली. नागपुरात सिव्हिलचा डिप्लोमा केलेली बाई, नवऱ्याच्या व्हिसावर येऊन घरात बसून बसून वेडी व्हायची वेळ आली होती, वर्क परमिट नुकतंच हातात पडलं होतं. तुम्ही सिंकखालून तो दाढीसारखा शेंड्यांचा गुंता बाहेर काढलात आणि म्हणालात, "तुला किळस नाही आली?" मी म्हटलं नाही. "सोमवारी ये," म्हणालात. नवऱ्याला वाटलं मी गंमत करतेय.

तुमच्याकडे पहिलं काम मिळालं ते चिंध्या फाडायचं. काकूंच्या जुन्या सुती साड्यांच्या. इथल्या दुकानातलं फडकं गरम सांध्याला लागलं की वितळून चिकटतं, म्हणून तुम्हाला सुती साडीच लागायची, तीही खूप वापरून मऊ झालेली. डाख दिला की तो घट्ट व्हायच्या आत एकाच हाताने साडीचा तुकडा गोल फिरवायचा, सांधा अंगठीसारखा स्वच्छ दिसला पाहिजे. भिंतीच्या आत जाणारा सांधासुद्धा. मी विचारलं, आत कोण बघणार आहे? तुम्ही म्हणालात, "पुढे जो भिंत उघडेल तो." मी म्हटलं, तो तर तेव्हा तुम्हाला ओळखणारही नाही. तुम्ही म्हणालात, "म्हणूनच."

मला यातलं सगळं पटत होतं. फक्त तांबं पटत नव्हतं. जग कुठल्या कुठे गेलं, आजूबाजूचे सगळे प्लंबर लाल-निळ्या पेक्सच्या नळ्या टाकून दुपारी घरी जाऊ लागले आणि आपण भिंतीच्या लाकडाजवळ जाळ धरून बसायचं, मग लाकूड कुठे धुमसत नाही ना म्हणून तासभर राखण करायची. मी म्हणायचे, काका, पेक्स वाकतं, गोठलं तरी सहसा फुटत नाही, सांधे कमी लागतात. तुम्ही म्हणायचात, "हे प्लंबिंग नाही, वायरिंग आहे."

"मग मी वायरिंग तरी सरळ करते की नाही?"

"करतेस. तेच तर वाईट वाटतं."

हे कौतुक होतं का काय होतं? मला तेव्हाही कळलं नव्हतं.

त्या कुलकर्ण्यांच्या घरी तर आपली जुंपली होती. ते डिसेंबरात पुण्याला गेले आणि जाताना हीट पार बंद करून गेले, घरात कोणी नाही तर कशाला जाळायचं म्हणून. परत आले तेव्हा दिवाणखान्यात तळं. तुम्ही टाकलेली तांब्याची नळी आतलं पाणी गोठून उभी चिरली होती आणि तिच्याच शेजारी नंतर कोणीतरी टाकलेली पेक्सची तशीच धडधाकट. मी नुसती बघत राहिले तुमच्याकडे. तुमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "नळीने माणसाच्या मूर्खपणाला पुरून उरावं, अशी अपेक्षा आहे का तुझी?" म्हणालात. मी म्हटलं, हो, तीच अपेक्षा आहे. दिवसभर आपण एकमेकांशी बोललो नाही आणि संध्याकाळी गाडीत तुम्ही माझ्या हातात चिवड्याची पुडी ठेवलीत.

एकदा तर मी तुम्हाला कोंडीत पकडलं होतं. तुम्हाला काम शिकवणारा तो पोलिश म्हातारा, तुम्हीच सांगितलं होतंत, आयुष्यभर लोखंडी नळ्यांना आटे पाडत आला आणि तांब्याला 'कागद' म्हणायचा. मी म्हटलं, मग तुम्ही त्याचं ऐकलं असतं तर आज कुठे असतो आपण? तुम्ही हातातला पाना पेटीत ठेवलात. मग म्हणालात, "तो चुकत होता."

"आणि तुम्ही?"

"मी नाही."

हसू आलं होतं मला, आणि रागही. आणि पेक्सच्या सांध्यावर दाबून बसवायची कडी तांब्याची असते, ती बोटावर फिरवत तुम्ही म्हणायचात, "शेवटी धरून ठेवायला तांबंच लागलं ना?" तुमचं ते जिंकल्याचं तोंड अजून डोळ्यांसमोर आहे.

पण तुम्ही सगळ्यात जास्त चिडायचात ते एका गोष्टीवर. भिंतीबाहेर, जिथे गिऱ्हाइकाला दिसतं, तिथे वीतभर तांबं आणि आत सगळं प्लास्टिक. याला तुम्ही 'फसवणूक' म्हणायचात. मी म्हणायचे, अहो, फसवणूक कसली, कोणी विचारलं तर सांगतो ना आपण. "विचारल्यावर सांगायचं, ती फसवणूकच," असं तुमचं उत्तर. आणि आता तुमच्या बेसमेंटमध्ये काय आहे? दिसतं तिथे तांबं, भिंत लागली की ॲडॅप्टर. अगदी तेच. काका, मी त्या शिडीवर उभी राहून वर बघत होते आणि डोकं चालेना. वर गुरुजींचा आवाज पुन्हा गेला होता.

मी जिंकले का? आधी हेच मनात आलं, खोटं कशाला बोलू. आणि मग इतकं वाईट वाटलं की शिडीवरून उतरून त्या भेंडोळ्यावर बसले. मला जिंकायचं नव्हतंच मुळी. मला तुमच्याशी भांडायचं होतं, अजून पुष्कळ वर्षं. तुम्ही असे न बोलता माघार घेऊन निघून गेलात तर मी कुणाशी भांडू?

आणि माघार तरी होती का ती? हेही नक्की नाही.

लोक गेल्यावर मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय माहीत गं. ते लाल वेटोळं गाडीतून काढताना बघून मला हसू आलं. मी म्हटलं, हे काय, सूनबाई जिंकल्या वाटतं. तर म्हणाले, वैशालीला सांगू नकोस." मी सून नाही, पण आपल्या भांडणांमुळे काकू मला तसं म्हणायच्या.

"सांगू नकोस म्हणजे? गंमत करायची होती की लाज वाटत होती?"

"ते मी कशाला विचारू? तुमचं काय चाललेलं असतं ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

काका, 'वैशालीला सांगू नकोस' याचे मी इतके अर्थ लावले की आता एकही खरा वाटत नाही. सगळं तयार करून मला बोलवायचं होतं, 'ये, तुझं ते वायरिंग तूच कर' म्हणून? की मला कळायच्या आत भिंत बंद करून टाकायची होती? की दोन्ही आणून ठेवलंत आणि तुमचंही ठरत नव्हतं? माणूस इतकी वर्षं एक गोष्ट ठासून सांगतो आणि घरी दोन्ही आणून ठेवतो. मला शिकवलंत ते मग काय होतं?

निशाला विचारलं. ती म्हणाली, "ताई, व्हॉटेव्हर इज फास्टर, प्लीज. आय कान्ट वॉच हर डू द स्टेअर्स." तिचंही खरंच होतं. वर नुसतं गार पाणी, ॲन आर्बरच्या थंडीत. म्हणून काकू आंघोळीला बेसमेंटमधल्या त्या छोट्या शॉवरपर्यंत उतरत होत्या, दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत. त्यांचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. निशाला परत जायचं होतं. म्हणजे ठरवायला मला वेळ नव्हता, आणि काकू म्हणाल्या, "तूच ठरव."

तुमचं तांबं पुढे नेलं तर तुमच्या नियमाला धरून होईल, पण मग तुम्ही हाताने बसवलेला ॲडॅप्टर काढून फेकावा लागेल. पेक्स नेलं तर तुमच्या त्या शेवटच्या हालचालीला धरून होईल, पण आयुष्यभराच्या बोलण्याला हरताळ. कुठला माणूस खरा धरायचा? तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला आहे.

मेण जास्त दिवस राहिलं की तांबं हिरवं पडतं, म्हणून तुम्ही बसवलेले सगळे तुकडे काढून पुन्हा साफ करावे लागणार होते. मला ते काढवत नव्हते. पण काढले. एकेक तुकडा उतरवून आतून बोट फिरवत गेले, तुम्ही लावलेली सवय. कापलेल्या नळीच्या आत जी बारीक धार राहते ती काढलीच पाहिजे, नाहीतर पाणी तिथे घुसळतं आणि नळी आतून झिजते. सगळे गुळगुळीत. फक्त शेवटच्या तुकड्याला, ॲडॅप्टरच्या अगदी आधीच्या, माझं बोट कापलं.

तुम्ही धार ठेवलीत? मी पुन्हा बघितलं, टॉर्च मारून बघितलं. धार होती, अख्खी. अहो, मी एकदा अशी धार ठेवली तर तुम्ही पाणी सुरू झालेली लाइन पुन्हा कापायला लावली होतीत. हात दुखत होता का तुमचा? छातीत काही होत होतं? म्हणून जाळ नको म्हणालात, म्हणून तो ॲडॅप्टर, म्हणून ते सोपं प्लास्टिक? मग मला फोन का नाही केला? मी काय चंद्रावर राहते? दहा मिनिटांत ड्राइव्ह करून आले असते. त्या धारेने मला जितकं रडवलं तितकं तुमच्या फोटोला घातलेल्या हाराने रडवलं नाही. बोटाचं रक्त चोखत मी तुमच्यावर इतकी चिडले, काका, इतकी चिडले, की वरून काकूंनी विचारलं, कुणाशी बोलतेस?

शेवटी मी जे पुढ्यात होतं तेच केलं. तुमच्या मनात काय होतं ते मला कळलेलं नाही, त्यामुळे तुमच्या हातांनी जेवढं केलं होतं तेवढंच खरं धरलं. ती धार काढली. सांधे डाखले, काकूंनी साडी दिली, अबोली रंगाची, तिच्या तुकड्याने पुसले. तासभर लाकडाची राखण केली. मग ॲडॅप्टरपुढे पेक्स नेलं, तुमच्यासारखंच ओळंब्यात, हात-हात अंतरावर पकडी लावून, लाकडातून जाते तिथे मऊ बूच घालून, कुठे घासू नये म्हणून. इन्स्पेक्टर आला, बघून म्हणाला, प्लास्टिक इतकं सरळ मी पाहिलं नाही. तुम्ही ऐकायला हवं होतंत. ऐकून तुम्हाला वाईट वाटलं असतं.

काल सकाळी पाणी सोडलं. सांधे सगळे कोरडे. स्वयंपाकघराची भिंत अजून उघडीच होती, आत लाल नळी दिसत होती. मी काकूंना म्हटलं, तुम्ही इथे थांबा, कुठे ओल येते का बघा, मी वर जाऊन गरम नळ सोडते. सोडला. आधी गार आलं, मग कोमट, मग हात भाजेल असं. आंघोळीचा प्रश्न सुटला, म्हणून इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. वरूनच म्हटलं, "काकू, आलं पाणी."

खालून उत्तर आलं, "नाही गं आलं."

"अहो, इथे धो धो वाहतंय."

"नाही आलं अजून."

मी खाली उतरले. काकू त्या उघड्या भिंतीला कान लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, "टकटक कुठे होतेय?"

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. वर गरम पाणी सुरू झालं की या भिंतीत टकटक व्हायची. तुम्ही कामावरून आलात की आधी वर आंघोळीला जायचात, आणि इथे टकटक सुरू झाली की काकू तवा ठेवायच्या. तुम्ही खाली येईपर्यंत पहिली पोळी ताटात. इतकी वर्षं. "एकदा म्हणाले, भिंत उघडून तो आवाज काढून टाकतो. मी म्हटलं, खबरदार."

तांबं तापलं की लांबतं, लाकडाला घासतं आणि टकटकतं. नळी नीट बांधली तर आवाज येत नाही. माझ्या कामात असा आवाज राहिला असता तर तुम्ही भिंत फोडायला लावली असतीत, आणि स्वतःच्या भिंतीत तो तसाच ठेवलात. म्हणजे पेक्स लावलं तर टकटक जाणार, हे तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तो ॲडॅप्टर बसवलात? की हे आठवलं म्हणूनच तांबं कापून उभं केलंत? की तुमच्यामागे दुसरं कोणी वर आंघोळीला गेलं तर काकूंना उगाच ऐकू येऊ नये, असं काही तुमच्या मनात आलं होतं? तसं असेल तर तुम्हाला काय काय कळलं होतं, काका?

मी म्हटलं, "काकू, काढून टाकते हे. तांबं कापून तयार आहे, उद्यापर्यंत लावून देते. पुन्हा होईल आवाज."

त्यांनी त्या लाल नळीवर बोट टेकवून पाहिलं. मग म्हणाल्या, "आधी वरचा नळ बंद कर जा. पाणी वाया जातंय."

मी वर जाऊन नळ बंद केला. खाली आले तर गॅस चालू होता आणि त्यावर तवा. चांगला तापून धूर निघायला लागला होता. काकू हात पदराला पुसत त्याच्यासमोर उभ्या.

"कणीकच भिजवलेली नाही गं," त्या म्हणाल्या. "हा कशाला ठेवला मी?"

मी गॅस बारीक केला आणि कणकेचा डबा काढला.